खाली गुंता दिसला, तर वरचा दोरा बघा: मशीनवर गोधडी शिवताना दोऱ्याच्या ताणाची गोष्ट

वरून बघावं तर टीप कशी नाकासमोर गेलेली, सुबक. कौतुकाने गोधडी उलटी करावी, तर खाली दोऱ्याची ही गुंतवळ! कंगव्यातून काढलेल्या केसांचा पुंजका चिकटवल्यासारखी. अशा वेळी हात आपोआप बॉबिन केसच्या, म्हणजे खालच्या दोऱ्याची चकरी (बॉबिन) बसते त्या डबीच्या, इवल्याशा स्क्रूकडे जातो. बिघाड खाली दिसतोय, म्हणजे खालच्या दोऱ्याचंच काहीतरी असणार, हा त्यामागचा हिशेब. पहिली दोन वर्षं मीही हाच हिशेब मांडत होते. स्क्रू पिळायचा, आणखी बिघडायचं, परत उलटा पिळायचा आणि शेवटी मशीन उचलून दुरुस्तीवाल्याकडे न्यायची. तो काही न बोलता वरचा दोरा उपसायचा, नव्याने ओवायचा, बॉबिनचा स्क्रू होता तिथे आणायचा आणि मशीन सुतासारखी सरळ चालायला लागायची. पैसे द्यायला लाज वाटायची.

त्याच्याकडे दोन-चार खेपा घातल्यावर डोक्यात शिरलं की शिवणाच्या मशीनमध्ये दुखणं एका जागी आणि कळ दुसऱ्या जागी असते. कमरेत नस दबावी आणि पोटरी दुखावी, तसं. खाली गुंता दिसला तर दोष बहुतेक वरच्या दोऱ्यात असतो. वरच्या अंगाला खालच्या रंगाचे ठिपके दिसले, तरीही आधी वरच्याच दोऱ्याकडे बघायचं असतं. हे पाठ करून उपयोग नाही, कारण शिवताना आठवत नाही. टाका पडतो कसा, हे एकदा नजरेसमोर आलं की मात्र पाठ करावं लागत नाही.

दोन दोऱ्यांची रस्सीखेच

आजीच्या हातच्या गोधडीला दोरा एकच. धावदोरा घालायचा, सुई खाली गेली, वर आली, चार टाके सुईवर घेतले की दोरा ओढायचा. किती ओढायचा हे बोटांना कळतं. जास्त ओढला तर कापड गोळा होतं, तेवढं सैल करून पुढे जायचं. त्या बारीक सुरकुत्या तर हाताच्या गोधडीची शोभाच. मशीनला बोटं नाहीत आणि तिचा दोरा एकच नाही.

हाताच्या सुईचं नेढं मागच्या टोकाला असतं, मशीनच्या सुईचं अणकुचीशी. १८४६ साली अमेरिकेत एलियास हाव यांनी ज्या मशीनचं पेटंट घेतलं, तिच्यात हीच दोन वैशिष्ट्यं होती: टोकाशी नेढं असलेली सुई आणि खालून येऊन अडकणारा दुसरा दोरा. आज तुमच्या घरात आईची काळी मशीन असो की परवा घेतलेली संगणकीय, सरळ टीप पडते ती याच तत्त्वावर.

आता हळू चाक फिरवून बघा, मशीनचा दिवा लावून, खालचं झाकण सरकवून. सुई वरचा दोरा घेऊन थरांतून खाली उतरते. अगदी तळाला गेल्यावर ती किंचित वर येते आणि तेवढ्यात सुईमागे दोऱ्याचा छोटासा फासा उभा राहतो. बॉबिनभोवती फिरणारं शटल, त्याची चोच नेमकी त्या फाशात शिरते आणि तो फासा ओढत ओढत अख्ख्या बॉबिनभोवती फिरवून आणते. म्हणजे वरचा दोरा खालच्या दोऱ्याला प्रदक्षिणा घालतो. मग मशीनच्या तोंडावर वर-खाली होणारी जी कडी असते, टेक-अप लिव्हर, ती वर जाताना हा सगळा सोडलेला दोरा परत ओढून घेते. फासा आवळला जातो, खालच्या दोऱ्याला बरोबर वर उचलतो आणि दोघं एकमेकांत अडकून थरांच्या आत बसतात. आपण त्याला गाठ म्हणतो. खरी गाठ ती नाही, नुसती अडकण आहे, पण सोयीसाठी गाठच म्हणू.

यातली एक गोष्ट मला बरीच उशिरा उमगली. बॉबिनभोवती फिरायला दर टाक्याला काही सेंटीमीटर दोरा खाली उतरतो आणि प्रत्यक्ष टाक्यात मात्र त्यातला जेमतेम काही मिलिमीटरच खर्च होतो. उरलेला परत वर. म्हणजे दोऱ्याचा तोच तुकडा टाक्यात बसण्याआधी कित्येकदा सुईच्या नेढ्यातून आणि गोधडीच्या थरांतून खाली-वर घासला जातो. जुन्या डब्यातला, विटका, हाताने तटकन तुटणारा दोरा मशीनवर का पिंजतो, याचं कारण हेच.

गाठ नेमकी कुठे बसेल, हे ठरतं दोन्ही दोऱ्यांच्या ओढीवर. शाळेच्या मैदानावरची रस्सीखेच आठवा. दोराच्या मध्यावर रुमाल बांधलेला. दोन्ही बाजू सारख्या जोराच्या असल्या तर रुमाल जागचा हलत नाही. वरची बाजू जोरकस झाली की रुमाल वर, म्हणजे गोधडीच्या वरच्या अंगाला खालच्या दोऱ्याचे ठिपके. खालची बाजू जोरकस झाली की रुमाल खाली, म्हणजे पाठीवर वरच्या दोऱ्याचे वळसे. आणि वरच्या बाजूने दोर सोडूनच दिला तर? मग सगळी फरपट खाली. तीच ती गुंतवळ. वरचा दोरा कुणी धरलेलाच नसतो, म्हणून बॉबिनभोवती फिरायला गेलेला फासा परत वर ओढला जात नाही, तिथेच साचत राहतो. खालच्या दोऱ्याचा यात काडीचा दोष नसतो.

ब्लाउजला ही रस्सीखेच जरा इकडेतिकडे झाली तर खपून जाते, उलट बाजू कोण बघतं? गोधडीला उलट बाजू अशी नसतेच, दोन्ही अंगं वापरायची. जाड थरांमुळे एक फायदा मात्र मिळतो. दोन पातळ कापडांत गाठीला लपायला जागा नसते, गोधडीत तीन-चार मिलिमीटरची खोली असते आणि गाठ थोडी वर-खाली असली तरी दिसत नाही. पातळ अस्तराची, आत फक्त एक जुनी साडी घातलेली दुपटी म्हणून जास्त त्रास देतात. नवशिक्या बाईने पहिलं काम म्हणून बाळाचं पातळ दुपटं घेऊ नये असं मी सांगते, आणि सगळ्या जणी नेमकं तेच घेऊन बसतात.

ओढ कुठे ठरते

वरच्या दोऱ्याची ओढ ठरते टेन्शनच्या चकत्यांमध्ये. दोन बारीक चकत्या, त्यांना दाबणारी स्प्रिंग आणि स्प्रिंग आवळणारा नॉब. दोरा चकत्यांच्या मधून जातो, नुसता बाजूने नाही. खालच्या दोऱ्याची ओढ ठरते बॉबिन केसवरच्या चपट्या स्प्रिंगखाली.

आणि इथे एक खुबी आहे. फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, उचललं की वरच्या चकत्या उघडतात. कापड सहज बाहेर काढता यावं म्हणून ही सोय केलेली. त्यामुळे दोरा ओवताना फूट वर हवं, तरच तो उघड्या चकत्यांच्या पोटात जाऊन बसतो. फूट खाली ठेवून ओवलात तर चकत्या मिटलेल्या, दोरा वरच्यावर तरंगतो आणि नॉब नवावर नेऊन ठेवला तरी ओढ शून्य. उलट शिवायला सुरुवात करताना फूट खाली हवंच, नाहीतर चकत्या उघड्याच राहतात.

खात्री करायला एक साधी परीक्षा आहे. सुईत दोरा ओवलेला असू द्या. फूट वर ठेवून दोरा मागे ओढा, अलगद यायला हवा. आता फूट खाली घ्या आणि परत ओढा. दोरा अडून बसला पाहिजे, इतका की सुई किंचित वाकेल. दोन्ही वेळा सारखाच आला तर दोरा चकत्यांत नाही, किंवा चकत्यांत काहीतरी अडकलंय. मी तर रोज पहिली टीप घालण्याआधी हे करते. पाच सेकंद लागतात.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे दोरा टेक-अप लिव्हरच्या भोकातून निसटलेला असणं. रीळ संपत आलं, दोरा तुटला, घाईत परत ओवला आणि कडी चुकली. असं झालं तर दोन-तीन टाक्यांतच मशीन अडते, कारण फासा वर ओढणारं कुणी उरलेलंच नसतं. म्हणून गुंतवळ झाली की नॉबला हात लावायचा नाही. दोरा पूर्ण उपसायचा, फूट वर करायचं, पहिल्या खाचेपासून परत ओवायचं. निम्म्याहून जास्त वेळा गोष्ट इथेच मिटते.

मिटली नाही तर

तर सुई बदला. सुईवर कुणाचा संशय जात नाही, कारण ती तुटलेली नसते. पण सुईचं काम फक्त दोरा खाली नेणं एवढंच नाही. तिने पाडलेल्या भोकातून गाठीला आत शिरता आलं पाहिजे. सुई बारीक असली तर भोकही बारीक, मग वरची कडी कितीही ओढू दे, गाठ थरांच्या आत येतच नाही, खालच्या अंगावरच अडकून राहते. दिसायला हा अगदी ताणाचा दोष दिसतो. नॉब आवळत जावं, आवळत जावं आणि शेवटी दोरा तुटावा. चार-पाच सुती थरांच्या गोधडीला ११ नंबरची सुई पुरत नाही. १४ घ्यावी, थर जास्त असतील किंवा दोरा जाड असेल तर १६. पाकिटावर ७५, ९०, १०० असे आकडे असतात, ते याच मापांचे: ११ म्हणजे ७५, १४ म्हणजे ९०, १६ म्हणजे १००. उलटही खरं आहे: बारीक दोऱ्याला १८ ची सुई लावली तर भोकं डोळ्यांत भरतात आणि गाठ त्यात सैल डुगडुगते.

सुईला एका बाजूने लांब खाच असते, बोटाच्या नखाने जाणवते. दोरा नेहमी त्या खाचेच्या बाजूने ओवायचा, कारण खाली जाताना दोरा त्या खाचेत लपून जातो आणि घासत नाही. काळ्या मशीनमध्ये सुई बाजूने ओवतात, नव्यांमध्ये समोरून. दोन्ही घरात असतील तर हमखास घोळ होतो. सुई सात-आठ तास शिवून झाल्यावर बदलावी. महाग वाटतं खरं, पण सुईच्या पाकिटापेक्षा गोधडीचं कापड महाग आहे. जुनी साडी असली तर तिची किंमत कशात मोजणार?

मग बॉबिन. भरताना दोरा बॉबिन भरायच्या छोट्या चकत्यांतून न्यायचा राहिला तर दोरा सैल, मऊ गुंडाळला जातो. नखाने दाबून बघा, बॉबिन टणक लागली पाहिजे, उशीसारखी दबता कामा नये. एका बाजूला उतार, दुसऱ्या बाजूला ढीग, अशी भरलेली बॉबिन शिवताना गचके देते आणि टीप थोडी घट्ट, थोडी सैल अशी लाटा-लाटांनी पडते. भरायला सुरुवात करताना बॉबिनच्या भोकातून बाहेर काढलेलं दोऱ्याचं शेपूट कापायचं विसरलात, तर ते केसमध्ये अडकून दर फेऱ्याला एक हिसका देतं. हा दोष शोधण्यात माझी एक अख्खी दुपार गेली आहे. पॉलिस्टरचा दोरा भरधाव वेगाने बॉबिनवर भरला की ताणला जातो आणि टाक्यात बसल्यावर पुन्हा आखडतो. शिवताना टीप छान, दुसऱ्या दिवशी गोधडीला चुण्या! म्हणून बॉबिन निवांत भरावी.

मशीनबरोबर आलेल्या मापाचीच बॉबिन वापरा. शेजारणीकडून आणलेली जवळजवळ तशीच दिसते, पण अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने ती केसमध्ये घासते किंवा खडखडते.

कचरा

जुन्या सुती साड्या आणि धोतरं वापरून मऊ झालेली असतात. त्यांचे तंतू सुटत राहतात, म्हणून गोधडी शिवताना मशीनमध्ये जेवढा कचरा होतो तेवढा नव्या कापडाच्या शिवणात होत नाही. शटलखाली साचलेला भुसा दिसतो, तो ब्रशने काढता येतो. खरा छळ करतो तो न दिसणारा. बॉबिन केसच्या चपट्या स्प्रिंगखाली तंतूंचा एक बारीक गठ्ठा बसतो, कापसाच्या वातीसारखा दाबलेला. त्यामुळे स्प्रिंग उचलली जाते आणि खालचा दोरा सैल सुटतो. जाड कागदाचा कोपरा, लग्नपत्रिकेचा चालतो, स्प्रिंगखालून अलगद सरकवा, गठ्ठा बाहेर येतो. टाचणी घालू नका, धातूवर चरा पडला की दोरा कायमचा तिथे अडकायला लागतो.

वरच्या चकत्यांसाठी फूट उचलून, मलमलीची पट्टी दुहेरी करून चकत्यांच्या मधून दोन-तीनदा मागे-पुढे ओढायची. कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात मशीन चार महिने झाकून ठेवली असेल तर पट्टीवर तांबूस डाग येईल, तो गंज. तोंडाने फुंकर मारून कचरा उडवायची सवय असेल तर सोडा, श्वासातला ओलावा आत जातो. तेल घातल्यावर चिंधीवर दहा-वीस टिपा घालून मगच गोधडी घ्यावी, हे वेगळं सांगायला नको. एकदा तरी पांढऱ्या साडीवर काळा ठिपका पडलेला असतोच प्रत्येकीच्या.

रीळ कसं ठेवता, यानेही ताण बदलतो. आडव्या थरांनी गुंडाळलेलं साधं रीळ उभ्या खुंटीवर फिरत सुटतं, ते ठीक. तिरकस गुंडाळलेला मोठा कोन मात्र फिरायला नको, त्याचा दोरा टोकावरून वर उचलला जायला हवा. कोन मशीनमागे एका कपात ठेवून दोरा वरच्या आकड्यातून आणला तरी काम भागतं. खुंटीवर कोंबलेला कोन गचके देतो आणि आपण बसतो नॉब फिरवत.

आता नॉब, आणि सगळ्यात शेवटी स्क्रू

इतकं सगळं तपासून झाल्यावरच नॉबला हात. त्यासाठी गोधडी वापरायची नाही. गोधडीचेच थर, तेवढेच, त्याच क्रमाने, हातभर तुकड्याचे शिवून घ्यायचे. वर लाल दोरा, खाली पांढरा. वेगळे रंग घेतल्याशिवाय काही कळत नाही, एका रंगात सगळं गोड दिसतं. नॉब मधल्या आकड्यावर, चारच्या आसपास ठेवून एक टीप. मग एक आकडा वर, एक आकडा खाली. प्रत्येक टिपेशेजारी पेनाने आकडा लिहायचा. जुन्या काळ्या मशीनच्या नॉबवर आकडे नसले तर नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवायचा आणि पाव पाव फेरा मोजायचा. घड्याळाच्या दिशेने घट्ट, उलट सैल.

बघायचं काय? टीप वर उशीसारखी फुगीर असावी, प्रत्येक टाका वेगळा दिसावा. दोरा तारेसारखा सरळ, झोपलेला दिसला तर तो दोरा जास्त घट्ट आहे, त्या बाजूचा. खाली पांढरा दोरा तारेसारखा आणि त्यावर लाल वळसे, म्हणजे वरचा सैल. नीट दिसत नसेल तर टीप तिरकस धरून झटका द्या. जो दोरा आधी तुटेल तो जास्त घट्ट. दोन्ही एकदम तुटले, किंवा दोन्ही तुटलेच नाहीत, तर जमलं.

नॉब नवावर नेऊनही खाली वळसे असतील, किंवा शून्यावर आणूनही वर ठिपके असतील, तेव्हाच बॉबिनचा स्क्रू. बॉबिन केस तळहातावर ठेवून दोऱ्याला धरून उचला. केस हवेत लोंबकळली पाहिजे. मनगटाला हलकासा झटका दिला की दोन-चार सेंटीमीटर खाली सरकून थांबावी. झटका न देताच सरसर खाली आली तर सैल. झटका देऊनही ढिम्म, तर घट्ट. स्क्रू फिरवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे परत यायची वाट राहते. केसवर दोन स्क्रू असतील तर मधला, मोठा तो ताणाचा. टोकाचा बारीक स्क्रू नुसता स्प्रिंग धरून ठेवतो, तो उघडलात तर सगळं हातात येईल. फिरवायचं किती? घड्याळाचा मिनिटकाटा पाच मिनिटांत जेवढा सरकतो, तेवढंच. आणि हे काम ताटात करा. तो स्क्रू जमिनीवर पडला की घरातली माणसं गुडघ्यावर येतात.

ही उचलून बघायची परीक्षा बाजूने किंवा समोरून बसवायच्या केसची. वरून पारदर्शक झाकणाखाली बॉबिन ठेवायच्या मशीनमध्ये केस अशी लोंबकळत नाही, तिथे बोटाने दोरा ओढून अंदाज घ्यावा लागतो आणि तो अंदाज यायला वेळ लागतो.

जरीचा दोरा वर लावायचा असेल तर वरचा ताण अगदी कमी, मोठ्या नेढ्याची सुई आणि बैलगाडीचा वेग. एवढं करूनही तो तुटतोच. त्यापेक्षा जरीचा दोरा बॉबिनमध्ये भरावा आणि गोधडी उलट बाजूने शिवावी, मन:शांती राहते.

वळणावरच बिघडतं तेव्हा

सरळ टिपा झकास, पण वेलबुट्टी काढायला गेलं की पाठीवर प्रत्येक वळणावर वळशांच्या रांगा. पापण्यांसारख्या दिसतात. हा दोष ताणाचा दिसतो, पण असतो हातांचा.

अशी मुक्त शिवण करताना आपण कापड पुढे सरकवणारे खालचे दाते पाडून टाकतो आणि कापड हाताने सरकवतो. म्हणजे टाका केवढा पडणार हे मशीन ठरवत नाही, आपण ठरवतो. सरळ जाताना हात आणि पाय एका लयीत असतात. वळण आलं की हात नकळत झरकन फिरतो, पाय मात्र तेवढाच. सुई कापडात असतानाच कापड पुढे ओढलं जातं, सुई वाकते, वरचा दोरा बाजूला खेचला जातो आणि आवळायच्या आधीच पुढचा टाका सुरू होतो. उपाय नॉबमध्ये नाही. मशीनचा वेग एकसारखा ठेवून वळणावर हात सावकाश फिरवायचा. ऐकायला सोपं, जमायला आठवडे लागतात. माझी पहिली बुट्टीची गोधडी आमच्या घरी अजून पायपुसण्याखाली असते. सरळ टीप सुंदर आणि वळण खराब, तर हात. दोन्ही खराब, तर ताण. एवढा फरक लक्षात ठेवला तरी बराच वेळ वाचतो.

मुक्त शिवणाचं फूट कापडाला दाबून बसत नाही, किंचित तरंगतं. त्यामुळे ते खाली घ्यायचं राहिलं तरी लक्षात येत नाही आणि चकत्या उघड्या राहून क्षणात जाळं तयार होतं. पायमशीनवर दाते पाडायची सोय नसेल तर टाक्याची लांबी शून्यावर आणा, दाते नुसते वर-खाली होतील, कापड ओढणार नाहीत. हाताने चाक फिरवायच्या मशीनवर हा खेळ खेळू नका, एक हात चाकावर गेल्यावर कापड कोण फिरवणार?

गोधडीचं वजनही सुई वाकवतं. दुहेरी पलंगाची गोधडी टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत असली की तिचं सगळं ओझं सुईवर येतं, टाके लहान-मोठे होतात, मध्येच सुटतात. डावीकडे एक खुर्ची, मागे भिंत, उरलेली गोधडी खांद्यावर. सुईखालचा हातभर भाग सैल, पसरलेला हवा.

चुण्यांचं काय?

चुण्यांना ताण जबाबदार आहे की थर सरकणं, हे ओळखायची एक युक्ती आहे. चुणी पडलेल्या टिपेतले दोन-चार टाके मध्येच कापा. कापड तिथल्या तिथे सपाट झालं तर दोरा घट्ट होता, ताण कमी करा. कापड सपाट झालं नाही, वरचा थर तसाच फुगीर राहिला, तर ताणाशी काही संबंध नाही. दाते फक्त खालच्या थराला ओढतात, वरच्या थराला फूट मागे ढकलतं, आणि दर हातभर टिपेत वरचा थर थोडा थोडा साचत जातो. सुती साडीवर नायलॉनची साडी घातली असेल तर विचारूच नका. यावर वॉकिंग फूट, जे वरचा थरही बरोबर चालवतं, किंवा मग वीतभर अंतराने घातलेले हाताचे कच्चे टाके. मला दुसरा उपाय जास्त आवडतो, आणि स्वस्तही पडतो.

हाताची गोधडी कडेपासून सुरू करतात, चौकटीत चौकट करत मध्याकडे येतात. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायकांच्या कवंदीतही, म्हणजे त्यांच्या गोधडीतही, टाके असेच कडेकडून आत जातात. हाताला ते परवडतं, कारण प्रत्येक टाक्याला तळहात कापड सपाट करत पुढे जातो. मशीनवर कडेने सुरुवात केलीत तर सगळी साचलेली जादा माया मध्यावर येऊन तंबू उभा राहतो. मशीनची टीप मध्यापासून बाहेर न्यायची.

आणि एवढं करूनही टीप बिघडली, तर उसवताना एक गंमत दिसेल. नीट बसलेली टीप उसवणं जिकिरीचं काम, टाका टाका कापावा लागतो. पण ताण बिघडलेल्या टिपेत एक दोरा तारेसारखा सरळ झोपलेला असतो, दुसऱ्याचे वळसे त्याच्यावर नुसते टेकलेले. तो सरळ दोरा शोधा, एक टोक मोकळं करून चिमटीत धरा आणि ओढा. हातभर टीप एका दमात सुटते, वरचे वळसे ब्रशने झटकले की गळून पडतात, आणि आईच्या साडीला भोकसुद्धा पडत नाही.